हिशेब कोणाला?



विकासावरची भाषणं आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत धरणं असतात, रस्ते असतात, योजनांची लांबलचक नावं असतात आणि अखेरीस इतके कोटी द्या ही मागणी असते. मागणी चुकीची नसते. पण कोटी मंजूर झाले, मुंबईहून निघाले, तर गावात ते कोणाच्या हाती पडतात? योजना राबवणारी संस्था कोणती, ती कोणाची, आणि ती हिशेब कोणाला देते? आज या तीन प्रश्नांवर बोलायचं आहे. त्यातही तिसऱ्यावर अधिक. आपल्या हिंगोली जिल्ह्यात संस्थांचा तुटवडा आहे असं कोणी म्हणू नये. एका साध्या शेतकऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. तो ग्रामपंचायतीचा मतदार आहे. सोसायटीचा सभासद आहे, म्हणून जिल्हा बँकेशी बांधलेला आहे. कारखान्याचा शेअर वडिलांच्या नावावर आहे. माल बाजार समितीत जातो. बायको बचत गटात आहे, तो गट ग्रामसंघात आहे, ग्रामसंघ प्रभागसंघात आहे. शिवारात एखाद्या सेवाभावी संस्थेचं पाणलोटाचं काम झालेलं आहे. कालव्याचं पाणी येत असेल तर पाणी वापर संस्था आहे, आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपनीचा शेअरही त्याने घेतलेला आहे. दहा-अकरा संस्था एका उंबऱ्याशी! आणि तरीही दसरा उलटला की तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, तरणी मुलं पुणे-हैदराबाद गाठतात. इतक्या संस्था आणि इतकं स्थलांतर एकाच गावात कसं नांदतं?

या प्रश्नाला माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तास आपण ते तपासू शकाल. संस्थेचा प्रकार कोणता असावा, यावर आपण फार वाद घातला. सरकारी बरी की सहकारी, सहकारी बरी की कंपनी, कंपनी बरी की स्वयंसेवी. माझ्या मते प्रकाराने फार थोडं ठरतं. संस्था ज्याच्या पैशावर उभी असते त्याला ती हिशेब देते, आणि ज्याला हिशेब देते त्याचंच काम करते. हिंगोलीतल्या बहुतेक संस्थांचा हिशेब वर जातो. सभासदाकडे तो येत नाही, आणि सभासदानेही तो मागायचं सोडून दिलं आहे.

असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपला भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोली हे त्या राज्यातलं लष्करी छावणीचं ठाणं. छावणी होती, रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला. पण लोकांनी वर्गणी काढून, निवडणूक घेऊन, आपापसांत भांडून चालवायच्या संस्था या मातीत रुजायला जो मोकळेपणा लागतो तो नव्हता. त्याच काळात अहमदनगर, पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यात कालव्यांच्या कडेने पतपेढ्या आणि सोसायट्या उभ्या राहत होत्या. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच्या पाठीशी शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून जमवलेलं भागभांडवल होतं. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि सहकाराचा कायदा, जिल्हा परिषदेचा कायदा, बाजार समितीचा कायदा हे सगळं तयार साच्यात आपल्याकडे आलं. साचा चांगला होता. पण तिकडे आधी सवय आली आणि मग कायदा आला. इकडे आधी कायदा आला आणि सवय यायची राहून गेली. मागासलेपणाची कारणं सांगताना आपण सिंचनाचा अनुशेष सांगतो, रस्त्यांचा सांगतो. हाही एक अनुशेष आहे, आणि त्याचा आकडा कुठल्याही समितीने काढलेला नाही.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक आले. पण पैशाची संस्था कुठे आली? सोसायटीतून कर्ज देणारी बँक आजही परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच आहे. विधान परिषदेचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ परभणी-हिंगोली असा जोडलेला आहे. विद्यापीठ नांदेडला, कृषी विद्यापीठ परभणीला. मी शेजाऱ्यांबद्दल तक्रार करत नाही. नांदेड-परभणी आपलेच आहेत. पण लक्षात घ्या, प्रशासन वाटून मिळतं, संस्था वाटून मिळत नाही. ती उभी करावी लागते.

आता एकेका प्रकाराकडे वळू. पहिला प्रकार कायद्याने जन्मलेल्या स्थानिक संस्थांचा. जिल्ह्यात साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत, पाच पंचायत समित्या आहेत, एक जिल्हा परिषद आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणून गावाने स्वतःचा आराखडा करायचा, हेही ठरलं. मग अडतं कुठे? पैसा येतो वित्त आयोगाकडून. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. खर्चाचा हिशेब द्यायचा गटविकास अधिकाऱ्याला, तोही ऑनलाइन. घरपट्टी-पाणीपट्टी मात्र थकलेली, कारण वसुलीला गेलं की मतं जातात. आणि ग्रामसभा? कायद्याप्रमाणे १०० मतदार किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले पाहिजेत. जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-पंचवीस माणसांत आराखडा मंजूर. लोकांचा दोष आहे म्हणून सोडून देऊ का? ज्या पैशात माणसाचं स्वतःचं काही गेलेलं नाही, त्याचा हिशेब ऐकायला तो दुपारची मजुरी बुडवून कशाला येईल? जिल्हा परिषदेचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २०२२ साली तिची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निवडलेला एकही सदस्य नसताना पगार झाले, टेंडर निघाली, कामं झाली. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की लोकांना उत्तरदायी असलेला भाग काढून घेतला तरी यंत्र चालतं, इतकं ते वरच्याशी जोडलेलं आहे. हे मला फार काळजीचं वाटतं.

दुसरा प्रकार सहकाराचा. इथे तरी पैसा सभासदाचा असतो ना? मूळ कल्पना तीच. पण १९५४ साली गोरवाला समितीने देशातल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा अहवाल दिला आणि शिफारस केली की सहकारी संस्थांच्या भांडवलात सरकारनेही भागीदार व्हावं. हेतू उदात्त होता. सावकाराचा विळखा इतका घट्ट होता की शेतकऱ्यांच्या तुटपुंज्या भांडवलावर तो सुटला नसता. त्या समितीत खुद्द धनंजयराव गाडगीळ होते, हेही विसरू नये. सरकारचा भाग आला, सरकारी हमी आली, त्यापाठोपाठ सरकारी नियंत्रण आलं आणि त्यापाठोपाठ राजकारण आलं. पश्चिम महाराष्ट्रात सभासदाची सवय जुनी होती, म्हणून तिने काही काळ तोल सांभाळला. आपल्याकडे तोल सांभाळायला कोणी नव्हतं. गावच्या सोसायटीत काय चालतं ते या सभागृहाला सांगायला नको. मार्चअखेर आली की कर्ज नवं-जुनं करायचं. कागदावर जुनं फिटलं, नवं उचललं. प्रत्यक्षात रुपया हलला नाही. वसुली शंभर टक्के दिसते आणि शेतकरी होता तिथेच. २००८ ची कर्जमाफी झाली, २०१७ ची झाली, २०१९ ची झाली. प्रत्येक वेळी गरजूला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण सोसायटीचं काय झालं? कर्ज आपल्या गावाच्या ठेवीतून दिलेलं नाही, बुडालं तर सरकार भरेल, हा समज पक्का झाला. जिथे बुडालेल्या पैशाचं दुःख कोणालाच नाही, तिथे चेअरमनला प्रश्न कोण विचारणार?

याच प्रकारात वसमतचा पूर्णा कारखाना येतो, कुरुंद्याचा टोकाई येतो. कारखान्यांवर टीका करणं सोपं आहे, ती मी लांबवत नाही. एवढंच सांगतो की येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णेवरच्या धरणांचं पाणी ज्या पट्ट्याला मिळालं, त्या पट्ट्यात ऊस आला, कारखाना आला, शाळा-महाविद्यालयं आली. सेनगावच्या माळावर यातलं काही आलं नाही. सहकारी संस्था पाण्याच्या मागे जाते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यापर्यंत ती आपणहून पोचत नाही.

तिथपर्यंत पोचायचं काम तिसऱ्या प्रकाराने केलं: सेवाभावी संस्थांनी. अंबाजोगाईचं मानवलोक १९८२ पासून दुष्काळी शिवारात उभं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे अनेक संस्था आल्या आणि काही कायमच्या राहिल्या. आपल्याकडे उगम ग्रामीण विकास संस्थेने कयाधू नदीच्या खोऱ्यात काम हाती घेतलं. ही नदी वाशीम जिल्ह्यातून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी ओलांडून पैनगंगेला मिळते, आणि पावसाळा सरला की कोरडी पडते. नदी एका ग्रामपंचायतीची नसते, एका तालुक्याचीही नसते. खोऱ्याचा विचार करणारी संस्था लागते, आणि सरकारी रचनेत ती जागा रिकामी आहे. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्रसुद्धा एका सेवाभावी संस्थेच्याच छत्राखाली चालतं. हे मोलाचं आहे. पण अशा संस्थांचं आयुष्य प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेलं असतं. तीन वर्षांचा प्रकल्प, पाच वर्षांचा प्रकल्प. अहवाल जातो देणगीदाराकडे, कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीच्या कार्यालयात. बंधारा राहतो, त्याचा गाळ काढणारी समिती राहत नाही. कार्यकर्त्याने रक्त आटवलं तरी पगार येणं थांबलं की त्याला दुसरं गाव पाहावं लागतं. त्याला दोष कसा द्यायचा?

चौथा प्रकार स्त्रियांचा आहे, आणि तिथे मला वेगळं काहीतरी दिसतं. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५ साली स्थापन झालं. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. पुढे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे 'उमेद', आलं. हे सगळं सरकारीच की! मग वेगळं काय? वेगळं हे की गटाचा पहिला रुपया बाईचा असतो. दहा-बारा जणी, आठवड्याची किंवा महिन्याची ठरलेली बचत, आणि बैठकीत सगळ्यांसमोर मोजलेली रक्कम. कर्ज कोणाला द्यायचं हे दहा जणी ठरवतात, कारण बुडालं तर दहा जणींचं बुडणार. ज्या बाईला लिहिता येत नाही तिलाही गटाच्या पेटीत किती आहेत हे तोंडपाठ असतं. मी म्हणतो त्या हिशेबाचा हा नमुना. लेखापरीक्षक येण्याआधी तो झालेला असतो. उमेदची दशसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी वगैरे. पहिली पाच सूत्रं जे गट पाळतात ते टिकतात. खेळत्या भांडवलाचा हप्ता घेण्यापुरते जमलेले गट हप्ता संपला की विरतात. हे जिल्ह्यातल्या कोणत्याही बँक सखीला विचारा, ती नावानिशी सांगेल. सरकारने एकच यंत्रणा सगळीकडे लावली, एकच प्रशिक्षण दिलं, रक्कमही सारखीच दिली. तरी एक गट जगतो, दुसरा मरतो. फरक पडतो तो पहिल्या रुपयाने.

पण गटांचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. गेली कित्येक वर्षं आपण त्यांना पापड-लोणच्याच्या स्टॉलवर उभं करतो आणि टाळ्या वाजवतो. ज्या स्त्रिया कर्ज देतात, वसूल करतात, नोंद ठेवतात, त्या जमलेला पैसा गावाच्या मुख्य उत्पन्नात, म्हणजे शेतमालात, का गुंतवू शकत नाहीत? सोसायटीच्या सभासद यादीत त्यांची नावं का नाहीत? सातबारावर नाव नाही म्हणून. निंदणी, खुरपणी, काढणी, हळद वेचणं, शिजवणं, वाळवणं, यातलं अर्ध्याहून जास्त काम त्यांचं. ज्या संस्थेला हिशेब ठेवता येतो तिच्याकडे माल नाही आणि जिच्याकडे माल आहे तिला हिशेब ठेवायची सवय नाही. हिंगोलीच्या विकासाचा गुंता मला या एका वाक्यात दिसतो.

आणि म्हणून पाचव्या प्रकाराकडे, शेतकरी उत्पादक कंपनीकडे, जास्त वेळ थांबू. कंपनी कायद्यात २००३ पासून ही सोय झाली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी काढता येते, शेअर कितीही असोत मत एकच, आणि सरकारी निबंधकाचा हात थेट आत शिरत नाही. २०२० साली केंद्राने दहा हजार नव्या उत्पादक संघटनांची योजना आणली: तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आणि सभासदांच्या भागभांडवलाएवढं, १५ लाखांपर्यंत, अनुदान. राज्यात हवामान-अनुकूल शेतीचा पोकरा प्रकल्प आला, त्यात हिंगोली होता. मग शेतमालाच्या मूल्यसाखळीचा 'स्मार्ट' प्रकल्प आला. कंपन्यांचं पेव फुटलं. मघाशी सांगितलेला धोका इथेही उभा आहे. गोदाम मंजूर व्हावं म्हणून काढलेली कंपनी गोदामाला कुलूप लावून बंद पडते, आणि तिच्या तीनशे सभासदांना आपण सभासद आहोत हेही आठवत नाही.

तरी हळदीने या जिल्ह्याला एक संधी दिलेली आहे. राज्यात हळदीच्या क्षेत्रात हिंगोली आघाडीवर आहे. पूर्वी आपली हळद सांगलीला जायची, सांगलीच्या नावाने विकली जायची. आता हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतची बाजारपेठ इथे शेजारच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. २०२२ साली वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्राला मंजुरी मिळाली. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पेढे वाटले गेले. पण मानांकनाने शेतकऱ्याच्या खिशात काय पडतं? आपोआप काही पडत नाही. कायद्याप्रमाणे त्या नावाने माल विकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. माल त्याच भागातला आहे, त्याच गुणाचा आहे, हे कोणीतरी तपासावं लागतं. दुसऱ्या राज्यातला माल वसमतच्या नावाने विकला गेला तर कोणीतरी दाद मागावी लागते. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण? एकटा शेतकरी हे करू शकत नाही. बाजार समितीचं ते काम नाही. तिला आवक हवी, कोणत्याही गावची. इथे संस्था लागते, आणि ती हळद पिकवणाऱ्याच्याच मालकीची लागते.

हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, होतं तेव्हा काय घडतं ते पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. हळद शिजवायला कुकर भाड्याने, वाळवायला पंधरवडा, पॉलिश, आणि मग घाईघाईने मार्केट, कारण कुकरवाल्याचे द्यायचेत, मजुरी द्यायची आहे, घरात लग्न आहे. सगळ्यांचा माल एकदम येतो, दर पडतो. २०२३ च्या पावसाळ्यात दराने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला, पण तेव्हा माल कोणाच्या घरात होता? ज्याच्याकडे थांबायची ताकद होती त्याच्या. थांबायची ताकद विकत घ्यायची सोय अस्तित्वात आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे, हळदीला लागू आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. ती कमी वापरली जाते, कारण चार-पाच क्विंटलवाल्या शेतकऱ्याला गोदामापर्यंतची वाट, कागद आणि भाडं परवडत नाही. पन्नास जणांचा माल एकत्र करून, प्रतवारी करून, पावती करून तारण ठेवणारी कंपनी असेल तर परवडतं. आणि त्या कंपनीला हंगामापुरतं भांडवल गावच्याच ग्रामसंघाने व्याजाने दिलं तर? हिशेबाची शिस्त असलेली संस्था आणि माल असलेली संस्था प्रथमच एका टेबलाशी बसतील. व्याज गावात राहील. आणि कंपनीच्या संचालकाला प्रश्न विचारायला अशा बायका येतील, ज्यांनी आजवर एकही हप्ता बुडू दिलेला नाही.

इथे आपल्यातले काही जण अस्वस्थ झाले असतील. पहिला आक्षेप असा की हा सगळा स्वावलंबनाचा उपदेश गरिबांनाच का? सरकारने अनुशेष भरायचा सोडून लोकांनी पदरचे घालायचे का? आक्षेप रास्त आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. धरण, रेल्वे, रुग्णालय हे वर्गणीतून होत नाही. पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला तो सरकारी पैशातून, पण त्याआधी मराठवाड्यात रेल्वेसाठी लोकांनी किती वर्षं आवाज उठवला! स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी योजना राबवल्या नाहीत, गोदामं बांधली नाहीत. सरकारला जाब विचारला. विकास करणाऱ्या संस्थांच्या यादीत मी हा प्रकार मानाने घालतो. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ मिळालं त्यामागे हा रेटा होता. २०२० च्या एप्रिलअखेर मंडळाची मुदत संपली तेव्हा तो रेटा कुठे होता? औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होते आहे, केंद्राने २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केले. अभिमानाची गोष्ट. पण तिथल्या पोरांना त्या परिसरात काम कोणतं मिळेल, त्यासाठी आयटीआयमध्ये काय शिकवायला हवं, हे विचारणारी जिल्ह्याची संस्था कोणती? सरकारकडून घ्यायचंच आहे. पण मागायलासुद्धा आपल्या पैशावर उभी असलेली संस्था लागते. सरकारच्या अनुदानावर जगणारी संस्था सरकारला जाब विचारत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. गावातल्या संस्था गावातल्या बड्यांच्याच हाती जातात. सभासदाचा पैसा असो की सरकारचा, चेअरमन तोच, सरपंच त्याचाच, कंपनीचा संचालक त्याचा पुतण्या. आंध आदिवासी, बंजारा, भूमिहीन दलित यांनी अशा संस्थेवर विश्वास का ठेवावा? हे खरं आहे, आणि स्थानिक म्हटलं की आपोआप न्याय्य होतं असं मी मानत नाही. २ फेब्रुवारी २००६ ला रोजगार हमीचा केंद्रीय कायदा देशातल्या ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यात हिंगोली होता. महाराष्ट्राला तर स्वतःची रोजगार हमी १९७० च्या दशकापासून ठाऊक होती. त्या कायद्याने भूमिहीनाला हक्क दिला तो गावातल्या कोणत्याही संस्थेच्या मर्जीवर न ठेवता दिला, आणि ते योग्यच होतं. हक्क वरूनच यावा लागतो. पण हजेरीपटावर खोटी नावं आहेत की नाहीत हे दिल्लीला दिसत नाही. शेजारच्या खड्ड्यात टिकाव मारणाऱ्याला दिसतं. वरचा हक्क आणि खालचा हिशेब, दोन्ही लागतात. आणि पुतण्याचं म्हणाल तर, तो निवडून येतो कारण सभासद यादी त्याच्या काकाच्या कपाटात असते. यादी चावडीवर लागली की पुढच्या निवडणुकीत उभं राहायची हिंमत करणारा दुसराही निघतो.

तिसरा आक्षेप: लोकांकडून हे होत नाही, करून पाहिलं. २००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला, पाणी वापर संस्था नोंदल्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच कागदावर राहिल्या. मान्य. पण नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी धरणाचं पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं आणि पाणीपट्टी स्वतः वसूल केली. तिथली माणसं आपल्यापेक्षा निराळी नाहीत. तिथे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पहिलं मिळेल हे आधी ठरलं, म्हणून त्याने पैसे भरले. आपल्याकडे संस्था आधी नोंदली गेली, पाण्याची खात्री नंतर द्यायची राहिली. लोकांकडून होत नाही असं म्हणण्याआधी क्रम तपासा.

मग करायचं काय? नवी संस्था काढू नका, ही माझी पहिली विनंती. आहेत त्या पुष्कळ आहेत. गावात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, कंपनी असो की बाहेरून आलेली सेवाभावी संस्था, वर्षातून एकदा एक पान चावडीवर लावावं: सभासदांकडून किती आले, बाहेरून किती आले, कोणाला किती दिले, थकबाकी कोणाकडे आहे. ते पान ग्रामसभेत मोठ्याने वाचावं. १ मेची ग्रामसभा मला यासाठी योग्य वाटते. तो आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस आहे, आणि तोवर हळदीचा पैसा घरात आलेला असतो किंवा का आला नाही हे कळलेलं असतं. याला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेची पुस्तकं पाहायचा हक्क आहे. उत्पादक कंपनीच्या सभासदाला वार्षिक सभेत ताळेबंद मागता येतो. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवणं बंधनकारक आहे. या सभागृहात निम्म्याहून अधिक लोक कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद असतील. येत्या १ मेच्या आधी आपल्या सोसायटीच्या गटसचिवाकडे पुस्तकं पाहण्यासाठी एक साधा अर्ज द्या, दोन ओळींचा, आणि पोच घ्या.